पाठीचा बाक, कंबरदुखी आणि रोजची कामे: एका शिक्षकांच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिंतूर तालुक्यातील ३४ वर्षांच्या एका शिक्षकांना वर्षभरापासून अधूनमधून कंबरदुखी होते. एक्स-रेच्या अहवालात ‘कमरेच्या कण्याची नैसर्गिक कमान सरळ झाली आहे’ असे लिहून आले आणि बसण्या-उठण्याची ढब चुकल्यामुळे हे झाले, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांच्या आई ६१ वर्षांच्या असून त्यांचे सारे आयुष्य शेतात गेले. दोन वर्षांत त्यांच्या पाठीला बाक आला आहे आणि घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत जायचे तर आता वाटेत दोनदा बसावे लागते. दोघांनाही कमरपट्टा देण्यात आला. ताठ बसण्याची सवय लावली तर आपले दुखणे जाईल का आणि आईची पाठ पुन्हा सरळ होईल का, असे ते विचारतात.

सर, दोन माणसांच्या दुखण्याला एकच कारण आणि एकच पट्टा मिळाला, याला माझी पहिली हरकत आहे. तुमच्या बाबतीत कण्याच्या आकाराला नको तेवढे महत्त्व दिले गेले आहे. आईंच्या बाबतीत तो आकार खरोखर महत्त्वाचा आहे, पण तो कशामुळे बदलला हे कोणी पाहिलेले दिसत नाही. त्यामुळे आधी तुमच्याबद्दल थोडक्यात आणि मग आईंबद्दल सविस्तर लिहितो.

माणसाच्या कण्यात ३३ मणके असतात: मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५ आणि त्याखाली एकमेकांना जुळून गेलेले त्रिकास्थीचे (कमरेखालच्या त्रिकोणी हाडाचे) ५ व माकडहाडाचे साधारण ४. बाजूने पाहिले तर निरोगी कणा कधीच सरळसोट नसतो. मान आणि कंबर पुढच्या अंगाला, तर छातीमागचा भाग मागच्या अंगाला वळलेला असतो. जन्मलेल्या बाळाचा कणा एकाच बाजूला वळलेला असतो, ते मान धरू लागले की मानेची कमान घडते आणि उभे राहून चालू लागले की कमरेची. उभ्या माणसाचे डोके आणि धड कमीत कमी श्रमात खुब्यांच्या वर राहावे, हे या वळणांचे काम आहे. पण त्यांचे माप माणसागणिक वेगळे असते. खुब्याचे सांधे आणि त्रिकास्थी यांच्या मांडणीतून एक कोन तयार होतो, तो वाढ पूर्ण झाल्यावर जवळपास कायम राहतो आणि कोणाचा ३५ अंशांचा तर कोणाचा ८० अंशांचा असतो. ज्याचा कोन लहान, त्याच्या कमरेची कमान मुळातच उथळ असते. तुम्ही पूर्वी कधी एक्स-रे काढलेला नसेल, तर कमान ‘झाली’ आहे की पहिल्यापासून तशीच ‘होती’, हे त्या एका चित्रावरून कोणालाही सांगता येणार नाही.

शिवाय एक्स-रे पाठीवर झोपवून, गुडघे दुमडून काढला असेल, तर कमान सपाट दिसतेच. कंबर धरलेली असताना काढला, तर आखडलेल्या स्नायूंमुळेही ती सपाट दिसते. म्हणजे तिथे दुखणे आधी येते आणि आकार त्याच्या मागून बदलतो. दोन मणक्यांमधली गादी सरकून नस दबलेल्या माणसाचे धड एका बाजूला झुकते, तेही असेच नसेवरचा ताण टाळण्यासाठी. त्याला ‘सरळ उभा राहा’ म्हणून दरडावणे म्हणजे त्याच्या शरीराने शोधलेला आडोसा काढून घेणे होय. २०१४ साली झालेल्या अनेक अभ्यासांच्या एका मोठ्या संकलनात कंबरदुखी असलेल्या आणि नसलेल्या लोकांची तुलना केली गेली, तेव्हा दोन्ही गटांच्या कमानीच्या सरासरी मापात फरक आढळला नाही. फरक आढळला तो हालचालीत: दुखणाऱ्या माणसांची कंबर कमी वाकत होती आणि सावकाश वाकत होती. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण दवाखान्यात रोज तेच दिसते.

एमआरआयचेही असेच आहे. तुम्ही अजून काढलेला नाही, हे बरे केले. ज्यांना कंबरेचा कोणताही त्रास नाही अशा ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. गादी फुगलेली असण्याचे प्रमाण विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के होते. हे सगळे लोक न दुखणारे होते, हे पुन्हा सांगतो. ‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य ऐकून आपल्याकडे तिशीतली माणसे पोते उचलणे सोडतात, दुचाकी सोडतात, मुलाला कडेवर घेणे सोडतात आणि मग वापर नसल्यामुळे कंबर खरोखरच कमजोर होते. त्या वाक्याने जेवढे नुकसान केले आहे तेवढे झिजलेल्या गादीने केलेले नाही, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

आता ताठ बसण्याविषयी. १९६० च्या दशकात स्वीडनमधील शल्यचिकित्सक आल्फ नाकेमसन यांनी कमरेच्या गादीतील दाब प्रत्यक्ष मोजला आणि बसल्यावर तो उभे राहण्यापेक्षा जास्त असतो, असे सांगितले. बसण्याची भीती बरीचशी तिथून पसरली. १९९९ साली जर्मनीतील उल्म येथे विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ वर्षांच्या एका निरोगी माणसाच्या गादीत मापक बसवून पुन्हा मोजमाप केले. सहज उभे असताना दाब ०.५ मेगापास्कल (हे दाब मोजण्याचे एकक), टेका न घेता सैल बसल्यावर ०.४६, प्रयत्नपूर्वक ताठ बसल्यावर ०.५५ आणि खुर्चीत मागे रेलून ऐसपैस बसल्यावर ०.३ च्याही किंचित खाली, असे आकडे आले. हा एकाच माणसाचा अभ्यास आहे आणि दाब म्हणजे दुखणे नव्हे, ही मर्यादा मान्यच आहे. तरीही रेलून बसल्याने मणके खराब होतात या समजाला त्यात काहीच आधार मिळत नाही. मान खाली घालून मोबाईल पाहिल्याने मानेवर २७ किलोंचा भार पडतो, असे जे चित्र सगळीकडे फिरते, तो आकडाही २०१४ मधील संगणकावरच्या गणिताचा आहे. कोणाच्या मानेत मोजलेला नाही.

मग तुमची कंबर का दुखते? तुम्ही कळवलेल्या तपशिलात मला चार गोष्टी दिसतात: दोन वर्षांपूर्वी क्रिकेट सुटले, शाळा बदलल्यामुळे खड्ड्यांच्या रस्त्यावरून रोजचा दुचाकीचा प्रवास वाढला, शाळेची ऑनलाइन माहिती भरण्याचे काम रात्री उशिरापर्यंत मांडी घालून चालते, आणि झोप कमी झाली. यातली एकही गोष्ट एक्स-रेत दिसत नाही, पण चारही मिळून कमरेची सहनशक्ती कमी करतात. एकाच अवस्थेत फार वेळ राहिले की कण्यामागचे बंध हळूहळू ताणत जातात, स्नायूंना रक्तपुरवठा कमी पडतो आणि ते भरून येतात. ती अवस्था ताठ असली काय आणि वाकलेली असली काय. म्हणून तुमच्यासाठी सल्ला असा की, कसेही बसा, पण अर्ध्या तासाच्या पुढे तसेच बसू नका. उठा, दोन वर्ग चालून या, कंबर मागे-पुढे वाकवा. आठवड्यातून तीन-चार वेळा दम लागेल असा व्यायाम आणि दोन वेळा वजन उचलण्याचा व्यायाम पुन्हा सुरू करा. सुरुवात पाण्याच्या अर्ध्या भरलेल्या बादलीने केली तरी चालेल. वाकायला घाबरू नका. कंबर दुखते म्हणून लगेच काही मोडत नसते. पट्टा काढून ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक सूचना दिली, तिच्यात कमरपट्टे, ट्रॅक्शन (कणा ओढून ताणणे) आणि अल्ट्रासाउंडचा शेक या तिन्ही गोष्टी नेहमीचे उपचार म्हणून देऊ नयेत, असेच म्हटले आहे. तुमच्याबद्दल एवढे पुरे आहे.

आईंचा प्रश्न खरा मोठा आहे. पाठीला बाक येणे हे वयाचेच लक्षण आहे, असे समजून आपल्याकडे घरोघरी ते स्वीकारले जाते. सोयाबीनची काढणी कमरेत वाकून, खुरपणी उकिडवे बसून, कापसाची वेचणी पोटावर ओटी बांधून, आणि उन्हाळ्यात लांबून डोक्यावर हंडे, असे चाळीस वर्षे काम केलेल्या बाईची पाठ वाकली तर त्यात नवल ते काय, असे लोक म्हणतात. पण दोन वर्षांत आलेला बाक हा वयाचा बाक नसतो. त्यामागे काहीतरी घडलेले असते आणि ते शोधणे शक्य असते.

पहिली शक्यता हाड दबल्याची आहे. पाळी गेल्यानंतर हाडांतील खनिज झपाट्याने कमी होते आणि मणक्याची पुढची बाजू खचून तो पाचरीसारखा होतो. असे दोन-तीन मणके खचले की पाठ पुढे येते आणि उंची कमी होते. कित्येकदा यासाठी पडण्याचीही गरज नसते. हंडा उतरवताना किंवा बाजेवरून उठताना ‘चमक निघाली’ किंवा ‘उसण भरली’ एवढेच बाईला आठवते. पंधरा दिवस अंगाला तेल लावून ती पुन्हा कामाला लागते आणि हाड मोडल्याचे कोणालाच कळत नाही. हे कळणे का महत्त्वाचे, तर एक मणका खचलेल्या स्त्रियांपैकी साधारण पाचांतल्या एकीचा दुसरा मणका वर्षभराच्या आत खचतो, असे २००१ मधील एका मोठ्या अभ्यासात दिसले आहे. हाडे घट्ट करणारी औषधे उपलब्ध आहेत आणि ती याच टप्प्यावर सर्वांत जास्त उपयोगी पडतात.

आईंची पिशवी काढलेली आहे का आणि कितव्या वर्षी काढली, हे तुम्ही लिहिलेले नाही. ते अवश्य विचारा. मराठवाड्यात, त्यातही बीड जिल्ह्यातील ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये, ऐन तिशीत गर्भाशय काढून टाकण्याचे प्रमाण किती आहे हे २०१९ मध्ये शासनाने समिती नेमल्यानंतर सगळ्या राज्याला समजले. त्या शस्त्रक्रियेत अंडाशयेही काढली गेली असतील, तर त्या बाईची हाडे दहा-पंधरा वर्षे आधीच ठिसूळ होऊ लागतात. पन्नाशीच्या आत बाक आलेली बाई समोर आली की मी हा प्रश्न पाठीला हात लावण्याआधी विचारतो. तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईच्या ठिसूळ मणक्यावर काय भार येत असेल, याचा विचार तिच्या पोटाची शस्त्रक्रिया ठरवताना कोणीच केलेला नसतो.

दुसरी शक्यता स्नायूंची आणि गाद्यांची. १९८८ साली जपानमधील ताकेमित्सु आणि सहकाऱ्यांनी कमरेचा कणा पुढे वाकलेल्या रुग्णांचे सविस्तर वर्णन केले. पुढे कोरियातूनही शेतात वाकून आणि उकिडवे बसून काम केलेल्या स्त्रियांमध्ये हीच अवस्था वारंवार नोंदवली गेली. यात हाड मोडलेले असेलच असे नाही. गाद्या पुढून चपट्या होतात, कमरेमागचे स्नायू वाळून त्यांच्या जागी चरबी येते आणि धड तोलून धरणारे कोणी उरत नाही. या बायका सकाळी बऱ्यापैकी सरळ उभ्या राहतात, पण चालू लागल्यावर पन्नास-शंभर पावलांत पुढे पुढे वाकत जातात. पुढ्यात धरून परात किंवा घमेले उचलता येत नाही, चढ चढवत नाही, आणि ओट्यापाशी स्वयंपाक करताना कोपरे टेकवून उभे राहावे लागते. कोपरांच्या खालच्या बाजूला पडलेले घट्टे हे या दुखण्याचे जुने, विश्वासू लक्षण आहे. आज घरी गेल्यावर आईंची कोपरे पाहा.

तिसरी शक्यता नसांचा मार्ग अरुंद झाल्याची. अशा माणसाला चालताना दोन्ही पाय भरून येतात, पोटऱ्यांत मुंग्या येतात, आणि वाकले किंवा बसले की दोन मिनिटांत बरे वाटते. कारण वाकल्याने तो मार्ग थोडा मोकळा होतो. हीच व्यक्ती सायकल मात्र आरामात चालवू शकते. तिचा बाक हा आजार नसून आजारावरचा उतारा असतो, आणि तिला मागे वाकण्याचे व्यायाम दिले तर त्रास वाढतो. आई वाटेत दोनदा बसतात, त्या कशासाठी हे नीट विचारा. पाठ थकते म्हणून, की पाय भरून येतात म्हणून? या एका उत्तरावर पुढचा सगळा उपचार बदलतो.

चौथी शक्यता क्षयाची. आपल्या देशात ती विसरून चालत नाही. मणक्याच्या क्षयात संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणे, रात्री झोपेतही न थांबणारे दुखणे आणि पाठीवर एकाच जागी टोकदार उंचवटा दिसतो. वेळेवर औषधे मिळाली तर तो पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात. दुर्लक्ष झाले तर पाय लुळे पडू शकतात.

यांतले काय असेल याचा अंदाज तुम्ही ओसरीवर बसूनही घेऊ शकता. आईंना भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून उभे करा, नजर समोर ठेवायला सांगा आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला लागते का पाहा. ओढूनताणून न वाकता डोके लागले तर ठीक. मध्ये अंतर राहिले तर ते पट्टीने मोजून लिहून ठेवा. मग त्यांच्या मागे उभे राहून, कुशीत, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्यामध्ये तुमची किती बोटे मावतात ते पाहा. दोन किंवा त्याहून कमी मावली तर कमरेचा एखादा मणका खचल्याची शंका घ्यावी. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ४ सेंटीमीटर किंवा अधिक कमी झाली असेल, तरीही तेच. तरुणपणीची उंची लिहिलेली नसते हे मला माहीत आहे; पण लुगड्याच्या निऱ्या पूर्वीपेक्षा जास्त खोचाव्या लागतात का, असे विचारले की बाया नेमके सांगतात.

याच्या पुढची पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि तीच बहुतेक वेळा राहून जाते. कणा किती अंशांनी वाकला, यापेक्षा त्या वाकलेल्या कण्यानिशी माणूस काय करू शकतो, हे मोजले पाहिजे. हात नसलेली किंवा हातांचा आधार न घेता वापरायची साधी खुर्ची भिंतीला टेकवा. दोन्ही हात छातीवर बांधून आईंना पाच वेळा उठून बसायला सांगा आणि मोबाईलवर वेळ लावा. १५ सेकंदांहून अधिक लागले, तर मांड्यांची ताकद धोक्याच्या रेषेखाली गेली आहे. मग अंगणात ४ मीटर अंतर आखून नेहमीच्या चालीने चालायला सांगा. ५ सेकंदांहून अधिक लागत असतील तर पडण्याचा आणि परावलंबी होण्याचा धोका वाढलेला आहे. एका बाजूला तुम्ही जवळ उभे राहा, म्हणजे तोल गेला तर धरता येईल.

बाकाचा आणि या कामांचा संबंध कसा, तेही सांगतो. मानेच्या शेवटच्या मणक्यातून ओळंबा सोडला, तर तो साधारणपणे त्रिकास्थीच्या वरच्या मागच्या कोपऱ्यापासून ५ सेंटीमीटरच्या आत पडायला हवा. तो जितका पुढे जातो तितके दुखणे वाढते आणि रोजची कामे घटतात, हे अमेरिकेत ग्लासमन यांनी २००५ मध्ये मोठ्या माणसांच्या वाकड्या कण्यांवर केलेल्या अभ्यासात स्पष्ट दिसले. ओळंबा पुढे गेला की शरीर तोल सावरण्यासाठी आधी खुबे मागे फिरवते, मग गुडघे वाकवते. गुडघे वाकवून उभे राहायचे तर मांड्या सतत कामाला लागतात. म्हणूनच अशी बाई मांड्यांवर हात टेकवून चालते, देवळापर्यंतच्या रस्त्यात पाय नव्हे तर आधी पाठ आणि मांड्या थकतात, आणि लोक म्हणतात की हिचे गुडघे गेले. छातीचा पिंजरा आवळल्यामुळे दमही लवकर लागतो. तरुण माणसाच्या थोड्या खाली झुकलेल्या खांद्यांना यातले काहीही लागू होत नाही.

पाठ पुन्हा सरळ होईल का? खचलेला मणका व्यायामाने उंच होत नाही. असे आश्वासन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण बाकाचा जो भाग स्नायू थकल्यामुळे येतो, तो कमी होऊ शकतो, आणि चालण्या-उठण्याची ताकद तर या वयातही हमखास वाढते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये मेहेरशीद सिनाकी यांनी पाळी गेलेल्या स्त्रियांना दोन वर्षे पाठीमागचे स्नायू बळकट करणारे व्यायाम दिले. ते थांबवल्यानंतर आठ वर्षांनी पाहिले, तेव्हाही त्यांच्यात मणके खचण्याचे प्रमाण व्यायाम न केलेल्यांपेक्षा कमी होते. त्याआधी १९८४ मध्ये त्यांनीच आणखी एक गोष्ट दाखवून दिली होती. हाडे ठिसूळ झालेल्या ज्या स्त्रियांना पुढे वाकण्याचे व्यायाम दिले गेले, त्यांच्यापैकी ८९ टक्के स्त्रियांचे मणके नव्याने खचले. मागे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. अभ्यास लहान होता, पण फरक इतका मोठा आहे की मी तो कधीच नजरेआड करत नाही. म्हणून एक्स-रे होईपर्यंत आईंना पश्चिमोत्तानासन, हलासन किंवा पोटाच्या उठाबशा कोणी शिकवू नयेत. आणि कळकळीची विनंती अशी की, पाठीवर नातवंडांना उभे करणे आणि उसण भरली म्हणून पायाळू माणसाकडून लाथ मारून घेणे, हे आजपासून पूर्ण बंद करा. ठिसूळ मणक्याला एवढा दाब पुरेसा असतो. डाग देऊन आणि बिब्बा लावून कातडी भाजते, बाकी काही होत नाही.

एक्स-रेमध्ये ताजे मोडलेले हाड नसेल आणि पाय भरून येण्याचा प्रकार नसेल, तर सुरुवात अशी करा. खुर्चीवर उशी ठेवून, हात न लावता उठणे, जमेल तितक्या वेळा, दिवसातून तीनदा. आठ-दहा वेळा जमू लागले की खुर्चीवरची उशी काढून बैठक खाली आणा. भिंतीला पाठ लावून हात डोक्याच्या दिशेने सावकाश वर सरकवणे. पलंगावर पालथे पडून, पोटाखाली उशी घेऊन, दोन मिनिटे शांत राहणे आणि जमल्यास छाती बोटभर उचलणे. पालथे पडवत नसेल तर बसूनच खांद्यांची पाती मागे ओढणे. उंबरठ्याजवळ चौकट धरून एक एक पाय मागे नेणे. चालण्याचे म्हणाल, तर दमून बसण्याची वेळ येण्याआधीच थांबायचे: देवळाच्या निम्म्या वाटेवर कंबर भरून येत असेल, तर तिसऱ्या हिश्श्यावरच उभे राहून, हात कमरेवर ठेवून, पाठ सरळ करून मग पुढे जायचे. मनगटाच्या घडीपर्यंत उंचीची काठी द्या. काठी घेतली म्हणजे म्हातारी झाले, असे बायांना वाटते. तेव्हा ती देवळापर्यंत जाण्यासाठी आहे, असे सांगून द्या.

शेत सोडायला लावू नका. काम बंद केलेल्या बायांची हाडे आणि मन दोन्ही लवकर खचतात. कामाची रीत मात्र बदला. वेचणीची ओटी पूर्ण भरू न देता निम्म्यावर रिकामी करावी, कारण पोटापुढे लोंबणारे वजन पाठीला पुढे ओढते. खुरपणी आणि वेचणी आळीपाळीने करावी. एका मोठ्या हंड्याऐवजी दोन लहान कळशा, दोन हातांत. उल्मच्या त्याच मोजमापात २० किलो वजन पाठ गोल करून उचलताना गादीतील दाब २.३ मेगापास्कल, गुडघे वाकवून उचलताना १.७ आणि तेच वजन अंगालगत धरल्यावर १.१ भरला होता. निरोगी तरुणाची कंबर यातले सगळे पेलते, म्हणून तुम्हाला मी वाकण्यापासून अडवले नाही. आईंच्या मणक्यांना मात्र हा फरक परवडणारा नाही. जेवणात दूध-दही, नाचणी, तीळ आणि शेवग्याचा पाला नियमित असावा, आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे. दिवसभर उन्हात राबणाऱ्यांतही ते कमी असल्याचे आपल्याकडे वारंवार आढळते.

आईंचा पट्टा ताज्या मोडलेल्या हाडासाठी डॉक्टरांनी काही आठवडे सांगितला असेल तर वापरावा, एरवी नाही. लघवी-संडासवरचा ताबा जाणे, बसण्याच्या जागेची संवेदना जाणे, पायातील ताकद दिवसागणिक कमी होणे, ताप आणि वजन उतरणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर व्यायामाची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या.

या आठवड्यात पाठीचा आणि कमरेचा, बाजूने, उभे राहून काढलेला एक्स-रे अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि हाडांच्या घनतेची तपासणी करावी का, हे त्यांना विचारा. त्यानंतर व्यायाम सुरू करून बारा आठवड्यांनी तीच खुर्ची, तेच ४ मीटर आणि भिंतीपासूनचे तेच अंतर पुन्हा मोजा. खुर्चीचा वेळ कमी झाला आणि देवळाच्या वाटेवरचा एक थांबा गळाला, तर डोके भिंतीला लागत नसले तरी उपचार लागू पडला असे समजा आणि तो चालू ठेवा. वेळ कमी होऊनही चालणे वाढले नाही किंवा ओळंबा पुढेच जात राहिला, तर पूर्ण कण्याचा एक्स-रे काढून कण्याच्या शल्यचिकित्सकांचे मत घ्यावे लागेल. बाक सरळ करण्याची शस्त्रक्रिया मोठी असते, ठिसूळ हाडांत स्क्रू धरून राहत नाहीत आणि गुंतागुंतही बरीच होते. म्हणून त्या निर्णयाआधी हाडांचे औषध पुरेसे दिवस झालेले असावे, असा आग्रह तुम्ही स्वतः धरा. मोजमापे लिहिलेली वही आणि दोन्ही एक्स-रे घेऊन त्या वेळी आईंसोबत या.